एक चांदणी की दोन?

सूर्य मावळला की कधीकधी पश्चिमेला एक टपोरी चांदणी दिसते. आकाश अजून पुरतं काळोखलेलं नसतं, बाकीच्या ताऱ्यांचा पत्ता नसतो, आणि ही मात्र लखलखत असते. दुसऱ्या काही महिन्यांत अशीच एक चांदणी पहाटे पूर्वेला दिसते. या दोन चांदण्या की एकच?

“एकच! शुक्राची चांदणी!” तुम्ही झटकन सांगाल. पण तुम्हाला ते कुणीतरी आधी सांगितलंय ना? ज्याला कुणीच सांगितलेलं नाही, त्याने कसं ओळखायचं? जुन्या ग्रीकांनी तर दोन वेगळी नावं ठेवली होती. संध्याकाळची हेस्पेरस आणि पहाटेची फॉस्फरस.

आता जाऊ या बॅबिलोनला, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी. तिथले लोक या चांदणीला इश्तार देवी मानत. देव आकाशातून खुणा करतात, पाऊस, पीक, लढाई सगळं आधीच कळवतात, अशी त्यांची श्रद्धा होती. म्हणून आकाशावर नजर ठेवायला राजाकडे खास माणसं असत. दुर्बीण नव्हती. होते फक्त डोळे, ओली माती आणि बोरू! बोरूचं टोक मातीत दाबून ते खिळ्यांसारखी दिसणारी अक्षरं उमटवत.

त्यांनी काय टिपलं, पाहा. अकराव्या महिन्याच्या १५ तारखेला चांदणी पश्चिमेला दिसेनाशी झाली, ३ दिवस नव्हती, १८ तारखेला पूर्वेला उगवली. पुढे भाकीत : पाऊस येईल, राजे एकमेकांना सलोख्याचे निरोप धाडतील. अशा २१ वर्षांच्या नोंदी आहेत! भाकितं सोडून द्या, पण तारखा सोन्यासारख्या आहेत. एक चांदणी पश्चिमेला गेली की थोड्याच दिवसांत दुसरी पूर्वेला हजर. पूर्वेची गेली की साधारण दोन महिने काहीच नाही, आणि मग पुन्हा पश्चिमेला. दोघी जोडीने कधी येतच नाहीत. मग त्या दोघी कशा असतील? मला वाटतं, नुसत्या तीक्ष्ण नजरेने हे कळलं नसतं. ते रोज लिहून ठेवल्यामुळे कळलं.

या नोंदींची एक नक्कल निनेव्हे शहराच्या अवशेषांत सापडली. तळहाताहून थोडी मोठी अशी ती मातीची पाटी आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्या नोंदी कोणत्या राजाच्या काळातल्या, हे कसं कळलं, तीही गंमतच. आपले आजी-आजोबा ‘दुष्काळाच्या साली’ म्हणतात ना, तसं बॅबिलोनमध्ये वर्षांना घटनांची नावं असत. पाटीवर ‘सोन्याच्या सिंहासनाचं वर्ष’ असं आहे. ते अम्मीसदुका राजाच्या कारकिर्दीतलं आठवं वर्ष, हे १९१२ साली फ्रान्त्स कुग्लर या अभ्यासकाने ओळखलं.

समुद्रापलीकडे, मध्य अमेरिकेतल्या माया लोकांनीही आपले आपण शुक्राचा हिशेब लावला. त्यांच्या एका पोथीत शुक्राची कोष्टकंच आहेत. चांदणी एकदा पहाटे उगवली की सरासरी ५८४ दिवसांनी पुन्हा तशीच उगवते, हे त्यांना ठाऊक होतं. ही फेरी एवढी लांब का? शुक्र सूर्याभोवती २२५ दिवसांत फिरतो, पण पृथ्वीही पुढे पळत असते, आणि तिला पुन्हा गाठायला त्याला ५८४ दिवस लागतात.

आता वही काढा. ५८४ ला ५ ने गुणा. २९२० आले? ३६५ ला ८ ने गुणा. पुन्हा २९२०! म्हणजे शुक्राच्या पाच फेऱ्या आणि आपली आठ वर्षं जवळजवळ सारखीच. या वर्षी तुमच्या वाढदिवशी शुक्र कुठे दिसतो, की दिसतच नाही, ते तारखेसकट लिहून ठेवा. आठ वर्षांनी त्याच तारखेला तो जवळपास तिथेच असेल. फरक पडला, तर दोन-अडीच दिवसांचा.