चिमूटभर मिठाचा वाद

एक लिटर शुद्ध पाण्यात पंचाहत्तर मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम क्लोराइड विरघळवले, तर त्या पाण्याचा पृष्ठताण वाढेल की कमी होईल? १९३५ पूर्वी कोणत्याही रसायनशास्त्रज्ञाने बेधडक सांगितले असते, की अगदी किंचित वाढेल. आयन पाण्याच्या पोटात रमतात आणि हवेलगतचा थर टाळतात, अशी तेव्हा सर्वांची खात्री होती. ऑनसागर आणि समारस यांनी १९३४ मध्ये त्याचे गणितही मांडले होते. हार्वर्ड विद्यापीठातल्या ग्रिनेल जोन्स आणि डब्ल्यू. ए. रे यांनी प्रत्यक्ष मोजून पाहिले, तेव्हा पृष्ठताण घटलेला दिसला. घट शेकडा ०.०२ च्या आसपास होती. मीठ वाढवत नेले की ताण पुन्हा नेहमीच्या वाटेने चढू लागे. आलेखाच्या सुरुवातीला एक इवलासा खड्डा तेवढा उरे.

या खड्ड्यावरचा वाद ऐंशी वर्षांनंतरही धगधगत होता.

जोन्स यांचे नाव आज पाठ्यपुस्तकांत सापडलेच तर ते द्रावणांच्या चिकटपणाविषयीच्या जोन्स-डोल समीकरणापुरते. अचूक मोजमाप हेच त्यांचे आयुष्यभराचे काम. त्यांच्यासमोर उभे ठाकले ते जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेतले अर्व्हिंग लँगम्यूर. पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी त्यांना १९३२ चे नोबेल मिळालेले, त्यामुळे त्यांचा शब्द जड होता. १९३८ मध्ये त्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात या घटीचा सगळा दोष उपकरणावर टाकला.

त्यांचा युक्तिवाद देखणा होता. जोन्स यांनी पाणी सिलिकाच्या केशनळीत चढवून ताण मोजला होता. त्या नळीच्या आतल्या भिंतीवर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो आणि भिंतीवरच्या विद्युतभारामुळे तो जाड राहतो. थोडे मीठ पडले की तो भार झाकला जातो आणि पापुद्रा पातळ होतो. मग नळीची पोकळी किंचित रुंदावते आणि पाणी थोडे कमी चढते. मोजणाऱ्याला वाटते ताण घटला, प्रत्यक्षात रुंदी वाढलेली असते. बहुतेकांनी हे मान्य केले आणि विषय मिटल्यासारखा झाला.

तो मिटला नव्हता. जोन्स यांच्याबरोबर १९२९ मध्ये ते समीकरण मांडणारे माल्कम डोल यांनी १९४० मध्ये स्वार्टआउट यांच्यासह कड्यांच्या उपकरणाने ताण मोजला. त्यात केशनळीच नव्हती, तरी खड्डा दिसला. लँगम्यूर यांच्या खुलाशाला हे सरळ आव्हान होते. पण ते फारसे कोणी मनावर घेतले नाही. एका माणसाच्या कीर्तीपुढे दुसऱ्याचे मोजमाप किती सहज बाजूला पडते, याचे हे दुःखद उदाहरण आहे.

पुढची दोन दशके सोडून थेट १९६१ वर येऊ, कारण या वादाला लागणारे नवे साधन तिथून मिळाले. मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि सहकाऱ्यांनी रुबी लेसरचा लाल प्रकाश क्वार्ट्झमधून सोडला. ६९४ नॅनोमीटरच्या प्रकाशातून ३४७ नॅनोमीटरचा, म्हणजे बरोबर दुप्पट वारंवारतेचा प्रकाश निघाला. छायाचित्रात तो एक बारीक ठिपका होता. छपाईच्या वेळी तो धुळीचा डाग समजून पुसला गेला. छापून आलेल्या चित्रात बाण आहे, ठिपका नाही.

वारंवारता दुप्पट होण्यासाठी विषम रचना लागते. पाण्याच्या पोटात रेणू सगळ्या दिशांना तोंड करून असतात, त्यामुळे हा परिणाम तिथे जवळपास शून्यावर येतो. पृष्ठभागाच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला पाणी, म्हणून दुप्पट वारंवारतेचा प्रकाश मुख्यतः त्याच थरातून येतो. बर्कलीतल्या युएन-रॉन शेन यांनी यातून पृष्ठभागांच्या अभ्यासाचे तंत्र घडवले. अवरक्त आणि दृश्य किरण एकत्र पाडून त्यांच्या गटाने १९९३ मध्ये पाण्याच्या पृष्ठभागाचा वर्णपट मिळवला. त्यात ३७०० प्रतिसेंटिमीटरजवळ एक अणकुचीदार शिखर होते. पृष्ठभागावरच्या वीस टक्क्यांहून अधिक रेणूंचा एक ओ-एच बंध कशालाही न धरता हवेत डोकावतो, असा त्याचा अर्थ निघाला.

त्याच बर्कलीत रिचर्ड सायकली आणि पॉल पीटरसन यांनी जुना खड्डा पुन्हा उकरला. आयोडाइडसारखे आयन अतिनील प्रकाश शोषतात. दुप्पट झालेली वारंवारता त्या शोषणाशी जुळवली की पृष्ठभागावरच्या आयनांची चाहूल मिळते. २००४ मध्ये त्यांनी जाहीर केले, की अगदी विरळ द्रावणातही आयन पृष्ठभागावर येतात आणि त्यामुळे हा खड्डा, म्हणजे जोन्स-रे परिणाम, खरा आहे. इथे ना नळी होती, ना भिंत, ना पापुद्रा.

जोन्स यांच्या बाजूने निकाल लागला, असे वाटण्याजोगा हा क्षण होता. पण २०१७ मध्ये लोझानच्या सिल्वी रोक यांच्या गटाने वेगळेच कारण पुढे केले. त्यांच्या मते आयनांच्या विद्युतक्षेत्रामुळे पाण्याचे रेणू दूरवर एकमेकांशी दिशा जुळवतात आणि त्यातून ताण घटतो. २०१८ मध्ये डुइग्नन आणि सहकाऱ्यांनी तिसरा खुलासा दिला. कितीही शुद्ध केलेल्या पाण्यात साबणासारख्या ऋणभारित द्रव्याचा अंश उरतो, तो पृष्ठभागावर जमतो आणि धन आयनांना वर खेचून ताण घटवतो. मीठ वाढले की तो भार झाकला जातो आणि ताण पुन्हा चढतो.

इथे पारडे या तिसऱ्या खुलाशाकडे झुकते. ताणाचा चढउतार तो सरळ उलगडतो आणि जोन्स यांचे मोजमापही खोटे ठरवत नाही. त्यांच्या आकड्यांत नळीची चूक नव्हती, पाण्यातच काहीतरी होते. मात्र या खुलाशाने लेसरवाल्यांची अडचण वाढवली. जो मळ पृष्ठभागाच्या वर्णपटातही सापडत नाही, तोच पृष्ठभागावरच्या आयनांची मांडणी बदलत असेल, तर वर्णपट नेमका पाण्याचा म्हणावा की मळाचा?

हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता नाही. समुद्राच्या फेसातून हवेत उडणाऱ्या खाऱ्या कणांच्या पृष्ठभागावरची क्लोराइडची अभिक्रिया हवेत क्लोरीन सोडते, असे २००० मध्ये अर्व्हाइनच्या संशोधकांनी दाखवले. पण त्या कणांवर बऱ्याचदा मेदाम्लांचा थर असतो. म्हणून लेसरखालच्या पाण्यावर जाणूनबुजून मेदाम्ले पसरूनही मोजमापे केली जातात.