व्यावसायिक बिनतारी संच आणि हौशी रेडिओ

मकरसंक्रांतीला पश्चिम बंगालमधील सागर बेटावर गंगासागरची जत्रा भरते. लक्षावधी यात्रेकरूंच्या गर्दीत अनेकजण, विशेषतः वृद्ध, आपल्या माणसांपासून दुरावतात. काहींना घरचा पत्ताही नीट सांगता येत नाही. अशांना स्वकीयांपर्यंत पोहोचविण्याचे काम बराकपूर उपविभागातील सोदपूरचे ‘वेस्ट बंगाल रेडिओ क्लब’ हे मंडळ करते. त्याचे साधन म्हणजे हौशी रेडिओ, अर्थात हॅम रेडिओ. भारतातील पहिले परवाने 1921 च्या सुमारास दिले गेले.

सुरक्षारक्षकाच्या हातातील वॉकीटॉकी आणि हॅमचा हातसंच दिसायला सारखेच असतात. दोन्हींत कळ दाबून बोलायचे आणि ती सोडून ऐकायचे असते. भेद आहे तो उद्देशात व नियमांत.

व्यावसायिक संच संस्थेच्या कामासाठी असतो. शासनाने नेमून दिलेल्या वारंवारता त्यात आधीच भरलेल्या असतात. वापरणारा केवळ चॅनेल निवडतो. त्याला परीक्षा द्यावी लागत नाही. धूळ, पाऊस व आदळआपट सोसेल अशी या संचाची बांधणी असते.

हौशी रेडिओचा परवाना मात्र व्यक्तीला मिळतो. त्यासाठी केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. प्रत्येक परवानाधारकास स्वतंत्र संकेतनाम मिळते. नेमलेल्या पट्ट्यात, उदाहरणार्थ 144 ते 146 मेगॅहर्ट्झमध्ये, तो हवी ती वारंवारता निवडू शकतो. स्वतः संच बांधून प्रयोगही करू शकतो. मात्र या रेडिओवरून धंद्याचे संदेश पाठविण्यास वा मोबदला घेण्यास मनाई आहे.

हातसंचाच्या लहरी साधारणतः नजरेच्या टप्प्याइतक्याच जातात. याउलट 7 किंवा 14 मेगॅहर्ट्झच्या लहरी वातावरणाच्या उंच थरांवरून परततात आणि हजारो किलोमीटर गाठतात. हॅमला हे दोन्ही मार्ग खुले असतात. 26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हॅम पथक पोर्ट ब्लेअरमध्येच होते. दूरध्वनी बंद पडले असता त्या पथकाने अंदमानातील लोकांची खुशाली मुख्य भूमीवर कळविली.

म्हणून एक संच दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. रोजच्या कामाला ठरावीक चॅनेलचा, सोपा संच योग्य ठरतो. नेहमीची साधने थकतात, तिथे जाणकार हॅमचे कौशल्य उपयोगी पडते. मात्र हॅमचा संच हाती आहे म्हणून पोलिसांच्या वा अन्य संस्थेच्या वारंवारतेवर बोलणे बेकायदेशीर आहे. त्या क्षणी तेथून एखादा तातडीचा संदेश जात असू शकतो.