फंक म्हणजे काय रे भाऊ?

रात्री हॉस्टेलच्या स्पीकरवर जे काही वाजतं त्याला आपण सरसकट ‘रॉक’ म्हणून मोकळे होतो. पण त्यातलं जे ऐकताना मानेऐवजी कंबर हलते ना, ते बहुतेक वेळा फंक असतं!

फंक जन्मलं अमेरिकेत, 1960 च्या दशकात, आणि त्यात सगळ्यात मोठा हात जेम्स ब्राउनचा. त्याची युक्ती तशी साधी. चार ठोक्यांपैकी पहिल्यावर सगळ्या बँडने एकदम पडायचं. तबला शिकलेल्यांना हे सांगायला नको, ही आपली समच! दोन समांच्या मधे मात्र ज्याने त्याने आपापला तुकडा घोटत बसायचं. बास तुटक, गिटार सुरापेक्षा ताल जास्त धरणारी, आणि कॉर्ड जवळजवळ बदलतच नाही. गाणं पुढे जात नाही, गोल फिरत राहतं. म्हणूनच नाचता येतं.

आपल्याकडे हे कोणी केलं? 1970 च्या दशकात मुंबईत ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ नावाचा बँड होता. कीथ कांगा त्यातला महत्त्वाचा वादक. आशा आणि आत्माराम भेंडे यांचा मुलगा नंदू भेंडे (तोच, 1978 च्या ‘तीन पैशाचा तमाशा’मधला) काही काळ त्यात गायचा. त्यांच्या अल्बमचं नाव ‘ऑब्सेशन 77’. नावात 77 असलं तरी बाहेर पडला 1981 मध्ये. पहिला अल्बम, आणि तोच शेवटचा! एवढी वर्षं स्टेज गाजवलं, पण हातात उरली एक तबकडी. 2011 मध्ये अमेरिकेतल्या ‘नाऊ-अगेन’ कंपनीने ती पुन्हा काढली, म्हणून तुम्ही-आम्ही आज ऐकू शकतो.

हा अल्बम मी आमच्या मजल्यावरच्या एका मोखाड्याच्या मित्राला ऐकवला. तो शांतपणे म्हणाला, “अरे, हा तर तारपा झाला.” आणि मोबाईलवर त्याने आजोबांचा तारपा लावला. एकच धून, फिरून फिरून तीच. पाच मिनिटांनी माझा पाय आपोआप हलायला लागला.

तारपा जव्हार-मोखाड्यात वारली, कोकणा लोक वाजवतात. सुकवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा भोंगा, आणि सांधे मेणाने बंद. वाजवताना श्वास तुटत नाही, कारण गालात साठवलेली हवा बाहेर ढकलताना नाकाने नवीन आत घेतात. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, गाल म्हणजे फिल्टरचा कपॅसिटर समजा, सप्लाय क्षणभर गेला तरी आउटपुट चालूच! तारपावाला मधे, नाचणारे त्याच्याभोवती हात गुंफून, आणि त्याने चाल बदलली की सगळ्यांची पावलं बदलतात. जेम्स ब्राउन स्टेजवर हाताच्या खुणेने बँड वळवायचा, तसंच. दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे असं मी म्हणत नाही हं. नाचवण्याची गरज एक, म्हणून उत्तरही सारखं निघालं असावं, एवढंच.

जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांना तारप्यासाठी 2026 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ही आनंदाचीच गोष्ट. पण माझ्या मित्राच्या आजोबांना किती चाली येतात, हे त्याच्या घरात कोणी मोजलेलं नाही. मोबाईलमध्ये आहे ती एक, तीही अर्धी, मागे कुत्रा भुंकतोय.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे मोखाड्याला चाललोय. तारपावाला चालत चालत वाजवतो, त्यामुळे माइक स्टँडवर ठेवून उपयोग नाही. छोटा कॉलर माइक त्यांच्या सदऱ्याला लावायचा, पण भोंग्यासमोर नाही, नाहीतर आवाज फाटेल. दुसरा माइक रिंगणाबाहेर, पावलांसाठी. एक चाल, एक फाइल, फाइलला आजोबा सांगतील तेच नाव. रेकॉर्डर ईएनटीसीच्या एका सरांनी द्यायचं कबूल केलंय. कॉलर माइक कोणाकडे असेल तर रूम नंबर 212 मध्ये आणून द्या, प्लीज!