ग्लो हवाय? आधी उन्हाचा हिशेब करा

ऑफिसच्या लिफ्टमधला आरसा तसा दुष्टच. वरून पडणाऱ्या उजेडात डोळ्यांखालच्या रेषा, गालावरचे डाग, सगळं उघडं पडतं. मग लंच ब्रेकमध्ये शोधाशोध सुरू. पील, लेझर, आरएफ, हायफू. ना टाके, ना अॅडमिट होणं. खर्च मात्र दर सिटिंगला हजारांत, मेडिक्लेममध्ये तो बसत नाही आणि एका सिटिंगमध्ये फारसं काही होतही नाही. म्हणून कार्ड स्वाइप करण्याआधी फंडे क्लिअर असलेले बरे.

चेहरा थकलेला दिसतो त्यात वयाइतकाच, किंबहुना जास्त, हात उन्हाचा. 2012 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 69 वर्षांच्या एका ट्रक ड्रायव्हरचा फोटो छापून आला. 28 वर्षं गाडी चालवलेल्या या गृहस्थांचा खिडकीकडचा डावा गाल उजव्यापेक्षा कितीतरी जास्त सुरकुतलेला! यूव्हीए किरण काचेतून आत येतात आणि त्वचेला घट्ट धरून ठेवणारं कोलॅजन मोडतात. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे उजवा गाल सांभाळा.

माझं आजोळ जालना जिल्ह्यातलं अंतरवाली सराटी. 2023 च्या मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे टीव्हीवर घराघरांत पोहोचलं, तेच. तिथे मामी कापूस वेचायला निघते ती साडीवर मामाचा फुल बाह्यांचा शर्ट चढवून आणि तोंडाला रुमाल गुंडाळून. जेवढा चेहरा उघडा राहतो, तेवढाच काळवंडलाय. शर्टाखालचे दंड मात्र नितळ. स्कूटीवरच्या पुणेरी पोरींच्या स्कार्फला हसणाऱ्यांनी हे एकदा बघावं. उरलेल्या उघड्या भागासाठी सनस्क्रीन. ऑस्ट्रेलियात साडेचार वर्षं चाललेल्या एका अभ्यासात (2013) रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा 24 टक्के कमी म्हातारी झाली. कुठल्याही मशिनपेक्षा स्वस्त सौदा.

पीलचं नातंही गावाशीच. अंबडच्या पट्ट्यात ऊस भरपूर आणि पीलमधलं ग्लायकोलिक अॅसिड उसातही सापडतं. (बाटलीतलं बहुतेक कारखान्यात रसायनांपासून बनतं. उसाचा रस तोंडाला चोपडू नका, माश्या बसतील.) ते वरचा मृत थर सैल करून काढतं. डाग फिकट होतात, बारीक रेषा थोड्या मऊ होतात. खोल सुरकुत्यांना हलकं पील काहीच करत नाही.

लेझरची गोष्ट नाजूक. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त. लेझर किंवा आयपीएलचा उजेड ते शोषून घेतं, तापतं आणि सेटिंग चुकलं तर घालवायला गेलेल्या डागापेक्षा मोठा काळा डाग घेऊन घरी यायचं. गोऱ्या कातडीवरचे ‘बिफोर-आफ्टर’ फोटो बघून भुलू नका. ‘माझ्या रंगाच्या त्वचेवर तुम्ही हे केलंय का? मशीन कोण चालवणार?’ असं बिनधास्त विचारा. उत्तर ‘आमची मुलगी करते’ असं आलं तर पर्स उचला. आरएफ आणि हायफू उजेडावर चालत नाहीत, त्यामुळे रंगाचा प्रश्न तिथे कमी. पण चटका बसू शकतोच. त्यांची उष्णता आतल्या थरात नवं कोलॅजन बनवायला लावते. परिणाम दोन-तीन महिन्यांनी दिसतो आणि बेताचाच असतो.

त्यापेक्षा ट्रेटिनॉइन नावाचं साधं क्रीम, 1980 च्या दशकापासून तपासलेलं. रात्री मटारएवढं, डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. सुरुवातीला त्वचा सोलते, फरक दिसायला महिने लागतात. गरोदर असाल किंवा चान्स घेत असाल तर अजिबात नको.

आता सगळ्यात धोकादायक प्रकार. गेल्या दिवाळीत मामीने पदराआडून एक ट्यूब काढली. ‘‘आठ दिवसांत गोरं दिसतंय गं, पण सोडलं की निस्ती आग होती.’’ मागे बारीक अक्षरात मोमेटासोन. म्हणजे स्टेरॉइड. महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, लव वाढते. तरुण दिसण्यासाठी लावायचं आणि त्वचा झिजवायची! 2018 साली सरकारने अशी अनेक स्टेरॉइड क्रीम्स चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी काउंटरवर ती मिळतात. आणि हे फक्त गावातच चालतं असं समजू नका. तुमच्या पार्लरमधल्या बिनलेबलच्या डबीत काय आहे, माहितीये?

मामीला संभाजीनगरला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. एक दिवसाची मजुरी बुडाली. स्टेरॉइड कसं सोडवायचं ते त्यांनी ठरवून दिलं. चार महिन्यांनी आग थांबली.

‘‘आन्‌ हे काळं? ते जाईन का?’’ तिने मला फोनवर विचारलं.

कमी होईल मामी, पूर्ण नाही. तिला सनस्क्रीनची ट्यूब पाठवलीये. ती म्हणते, घामाने वाहून जातं. दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावायचं असतं, पण भर शेतात, कापसाने भरलेल्या हातांनी कोण लावणार? रुमाल आता ती डोळ्यांपर्यंत ओढते, आणि बाजारातून मोठ्या काठाची टोपीही आणलीये.