सिमोन वेय: पाच वर्षांचा कायदा आणि बरेच गैरसमज

फ्रान्समध्ये गर्भपाताला कायद्याची मान्यता मिळाली ती आरोग्यमंत्री सिमोन वेय (१९२७–२०१७) यांच्यामुळे. नाव मोठं झालं, तशा ऐकीव गोष्टीही वाढल्या.

गैरसमज: तत्त्वचिंतक सिमोन वेय त्या याच.
वस्तुस्थिती: फ्रेंचमध्ये दोन्ही नावांचा उच्चार सारखाच, त्यामुळे हा घोळ. तत्त्वचिंतक वेय १९४३ मध्येच वारल्या. मंत्री वेय यांना त्यानंतर वर्षभरात, सोळाव्या वर्षी, नीस शहरात पकडून आउशवित्झच्या छळछावणीत पाठवलं गेलं. आई, वडील आणि भाऊ परतले नाहीत.

गैरसमज: त्या डाव्या पक्षाच्या लढाऊ नेत्या होत्या.
वस्तुस्थिती: त्या न्यायखात्यातल्या अधिकारी. १९७४ मध्ये मंत्री झाल्या तेव्हा एकही निवडणूक लढवलेली नव्हती. राष्ट्राध्यक्ष जिस्कार द'एस्तँ आणि पंतप्रधान शिराक, दोघेही उजवीकडचे. गंमत म्हणजे सरकार पक्षातल्या बहुतेक खासदारांनी विधेयकाला साथ दिली नाही. २९ नोव्हेंबरच्या पहाटे ते २८४ विरुद्ध १८९ मतांनी तरलं, ते विरोधी बाकांवरच्या डाव्यांमुळे.

गैरसमज: विखारी टीकेने त्या सभागृहात रडल्या.
वस्तुस्थिती: ओंजळीत चेहरा झाकलेलं त्यांचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे, त्यावरून ही गोष्ट पसरली. आपण रडत नव्हतो, थकलो होतो, असा खुलासा त्यांनी पुढे स्वतःच केला. टीका मात्र खरोखरच विखारी होती. छावणीतून जिवंत परतलेल्या या बाईंना काही खासदारांनी नाझींचे दाखले दिले.

गैरसमज: कायद्याने सरसकट मोकळीक दिली.
वस्तुस्थिती: मुदत फक्त १० आठवडे. आधी समुपदेशन, मग आठवडाभर विचार. डॉक्टरला नकार द्यायची मुभा. शिवाय १९७५ चा हा कायदा पाच वर्षांपुरताच होता. तो कायम झाला १९७९ मध्ये, आणि खर्चाची भरपाई मिळू लागली ती १९८२ च्या कायद्यानंतर. या अटी म्हणजे कच खाणं नव्हे. त्यांच्याविना मतांची जुळणी झालीच नसती.

गैरसमज: या बाबतीत फ्रान्स भारताच्या पुढे होता.
वस्तुस्थिती: भारताचा कायदा १९७१ चा. त्याचा पाया घालणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह.

गैरसमज: एका कायद्यापलीकडे कारकीर्द नाही.
वस्तुस्थिती: मतदारांनी थेट निवडलेल्या युरोपीय संसदेच्या त्या १९७९ मध्ये पहिल्या अध्यक्ष झाल्या. १९९३ ते १९९५ पुन्हा मंत्री, १९९८ पासून नऊ वर्षं घटना परिषदेच्या सदस्य. फ्रेंच अकादमीच्या सदस्याला मानाची तलवार मिळते. वेय यांनी आपल्या तलवारीवर छावणीत हातावर गोंदलेला क्रमांक कोरून घेतला होता: ७८६५१.

पाच वर्षांच्या बोलीवर आलेल्या त्या कायद्याने दिलेलं स्वातंत्र्य मार्च २०२४ मध्ये थेट राज्यघटनेत गेलं, ७८० विरुद्ध ७२ मतांनी.