मिलेनियम फाल्कन: हातांनी घडलेलं जहाज, संगणकावर

'स्टार वॉर्स'मधलं मिलेनियम फाल्कन पडद्यावर जितकं जुनं, डागडुजी करत चालवलेलं दिसतं, तितकंच ते प्रत्यक्षातही तुकड्या-तुकड्यांनी उभं राहिलेलं आहे. त्याचं पहिलं मोठं मॉडेल 1976 मध्ये लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइस भागातल्या एका गोदामात तयार झालं. लांबी सुमारे दीड मीटर. जॉर्ज लुकास यांनी आदल्याच वर्षी सुरू केलेल्या 'इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक' अर्थात आयएलएम या कंपनीचा तो कारखाना होता. आज जगभरातले थ्रीडी मॉडेलर हेच जहाज संगणकावर नव्याने बांधतात. काहींचा तो व्यवसाय आहे, काहींचा वर्षानुवर्षं चाललेला छंद. या कामाकडे नीट पाहिलं, की त्यातली खरी मेहनत कळते. आधीच्या कारागिरांनी प्रत्येक ठिकाणी काय ठरवलं आणि का ठरवलं, हे शोधून काढायचं, ही ती मेहनत.

फाल्कनचं मूळ रूप वेगळंच होतं. लांबट अंगाच्या जहाजाचा आराखडा ठरला होता, मॉडेलही बनलं होतं. पण 'स्पेस: 1999' या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेतल्या 'ईगल' यानाशी त्याचं साम्य फार जाणवू लागलं. मग ते मॉडेल थोडे बदल करून चित्रपटाच्या सुरुवातीला दिसणाऱ्या बंडखोरांच्या जहाजासाठी वापरलं गेलं आणि जो जॉन्स्टन यांनी नवं जहाज आखलं. गोल, चपटं अंग, पुढे दोन सुळके आणि चालकाची खोली मधोमध नसून उजव्या कडेला. या एका तिरकस निर्णयाने जहाजाला स्वतःचा चेहरा मिळाला.

अंगावरचं बारीक काम मात्र कागदावर आखलेलं नव्हतं. मॉडेल शॉपमधल्या कारागिरांनी बाजारात मिळणारे प्लॅस्टिकच्या जोडणी-खेळण्यांचे संच ढिगाने आणले. दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे, विमानं, युद्धनौका, शर्यतीच्या मोटारी. जपानच्या टामिया कंपनीचे संचही त्यांत होते. त्या संचांतले भाग सुटे करून ते जहाजाच्या पाठीवर, कडांच्या फटीत, सुळक्यांच्या आतल्या बाजूला चिकटवले गेले. रणगाड्याचा एखादा भाग इथे नळीचं टोक झाला, इंजिनाचा तुकडा तिथे यंत्राचा पट्टा झाला. वर एकच करडा रंग बसला, की सगळं एकाच यंत्राचं वाटू लागे. या पद्धतीला 'किटबॅशिंग' म्हणतात.

संगणकावरच्या मॉडेलरची पहिली परीक्षा इथेच होते. फोटोत दिसणारा उंचवटा अंदाजाने कोरता येतो, पण अंदाजाने कोरलेला भाग जवळून पाहिला की पोकळ वाटतो. म्हणून जाणकार मॉडेलर मूळ संच शोधतात. पन्नास वर्षांपूर्वीचं ते खेळणं मिळवायचं, त्यातला नेमका भाग ओळखायचा, मोजायचा आणि मगच तो संगणकावर घडवायचा. खुद्द आयएलएमनेही हाच मार्ग धरला. 2016 च्या 'रोग वन'साठी जॉन नोल यांच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या चमूने जुन्या संचांतल्या भागांचं डिजिटल भांडार तयार केलं आणि जुन्या जहाजांचा पृष्ठभाग त्यातून पुन्हा उभा केला.

दुसरी परीक्षा आरशाची. थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये अर्धी बाजू घडवली, की 'मिरर'ची एक आज्ञा उरलेली अर्धी बनवून देते. गाडीच्या दारांसाठी हे उत्तमच. पण फाल्कनची डावी-उजवी बाजू हातांनी वेगवेगळी सजवलेली आहे. पत्र्यांच्या रेघा सारख्या अंतरावर नाहीत, चिकटवलेले भाग किंचित तिरके आहेत. आरशातून आलेलं जहाज डोळ्याला लगेच खोटं वाटतं, भले कारण सांगता येवो न येवो. घराण्याची बंदिश बसवताना शिष्य आधी गुरूच्या जागा जशाच्या तशा घेतो, तसं इथे प्रत्येक तिरकेपण घ्यावं लागतं.

कडांचंही तेच. संगणकाने काढलेली कड गणिती धारदार असते. खऱ्या वस्तूची कड कितीही तीक्ष्ण असली तरी सूक्ष्म गोलाई राखते आणि त्या गोलाईवर प्रकाशाची बारीक रेघ उमटते. त्यासाठी कडांना 'बेव्हल' द्यावा लागतो. त्याची रुंदी चुकली तर अख्खं जहाज हातात मावणारं खेळणं वाटतं. आकाराचा भास अशा मिलिमीटरच्या अंशावर टिकलेला असतो.

पुढचं काम रंगाचं. पृष्ठभाग उलगडून सपाट पसरायचा, त्यावर टेक्स्चर रंगवायचं. पायाचा फिका करडा, मधूनच लालसर किंवा पिवळट पत्रे, तेलाचे ओघळ, गोळीबाराचे काळे डाग. इथे शिस्त लागते ती विचाराची. ओघळ कुठून सुरू झाला? डागाची दिशा कोणती? मूळ रंगाऱ्यांनी जहाजाचं सारं पूर्वायुष्य या डागांत लिहून ठेवलं आहे. नवे डाग मनाला येईल तिथे टाकले की ते पुसलं जातं.

आणि मग मोठा प्रश्न उभा राहतो: नेमकं कोणतं फाल्कन? 1977 च्या चित्रपटात त्याला तीन पाय आहेत. 1980 च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये पाच झाले. दीड मीटरचं मॉडेल कॅमेऱ्यापुढे कसरती करायला जड पडत होतं, म्हणून त्या चित्रपटासाठी सुमारे 80 सेंटिमीटरचं नवं मॉडेल बनलं आणि त्याचे बारकावे मोठ्याहून वेगळे आहेत. त्याच चित्रपटासाठी वेल्समधल्या पेम्ब्रोक डॉक इथे पोलादी सांगाड्यावर पूर्णाकृती जहाजही उभारलं गेलं. तरीही आतल्या दालनांचे सेट त्या बाहेरच्या कवचात मावत नाहीत, त्यामुळे आत-बाहेर दोन्ही घडवू पाहणाऱ्याला कुठेतरी तडजोड करावीच लागते. 2015 च्या 'द फोर्स अवेकन्स'मध्ये गोल अँटेना जाऊन आयताकृती आला, कारण 1983 च्या चित्रपटातल्या लढाईत गोल अँटेना तुटला होता. 2018 च्या 'सोलो'मध्ये तर हेच जहाज तरुणपणीचं, पांढरंशुभ्र आणि निळ्या पट्ट्यांचं, सुळक्यांमधली जागा भरलेलं दिसतं. यातलं एक निवडून त्याच्याशी प्रामाणिक राहणं हा मॉडेलरचा धर्म. सगळ्यांतलं थोडं थोडं घेऊन केलेलं जहाज कोणत्याच चित्रपटातलं राहत नाही.

फाल्कन स्वतःही संगणकात शिरलं ते 1997 मध्ये, पहिल्या चित्रपटाच्या सुधारित आवृत्तीत. मॉस आयझली गावातून त्याचं उड्डाण तेव्हा डिजिटल मॉडेलवर दाखवलं गेलं. 'द फोर्स अवेकन्स'मधला जाक्कूच्या वाळवंटातला पाठलाग आजच्या तंत्राचा नमुना आहे. वाळू उडवत, जमिनीला घासत, पडक्या युद्धनौकेच्या पोटातून जाणारं ते जहाज संगणकात घडलेलं आहे, पण त्याच्या हालचालीला वजन आहे.

हे काम आता मोठ्या स्टुडिओंपुरतं राहिलेलं नाही. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर 2002 मध्ये मुक्त झालं. वापरणाऱ्यांनीच एक लाख युरो जमवून त्याचा कोड खुला करून घेतला. परवान्याचे पैसे आडवे येत नाहीत, त्यामुळे घरातल्या संगणकावर बसून कुणीही आपलं फाल्कन सुरू करू शकतो. आयएलएमने 2022 मध्ये मुंबईतही स्टुडिओ सुरू करण्याची घोषणा केली, म्हणजे व्हॅन नाइसच्या गोदामात जन्मलेली ही परंपरा मराठी मुलांच्या अगदी दारापर्यंत आली आहे.

शिकणाऱ्याने मात्र अख्ख्या जहाजाला एकदम हात घालू नये. सुळक्याच्या आतल्या बाजूचा वितीएवढा तुकडा निवडावा. त्यातला प्रत्येक भाग कुठून आला ते शोधावं, तो तिथेच का चिकटवला असेल याचा विचार करावा, मग घडवावा. या कलेचं तांत्रिक ज्ञान काही महिन्यांत येतं. दुसऱ्याच्या हातांनी केलेल्या कामाकडे आदराने आणि बारकाईने पाहण्याची सवय त्याहून हळू लागते, आणि उत्तम मॉडेलर घडतो तो त्या सवयीमुळे.