रहस्यकथेचे माप कोणते?

'रहस्यकथा' हा शब्द उच्चारला की आपल्याकडील सुशिक्षित घरांतून कपाळाला आठ्या पडतात. मीही त्यांतलाच. काही वर्षांपूर्वी शाळेत एका मुलाच्या दप्तरात नारायण धारपांची भयकथा सापडली आणि मी ती जप्त केली. दुसऱ्या दिवशी त्याची आई, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबणारी माउली, दारात उभी राहिली. म्हणाली, "गुरुजी, पुस्तक द्या की. रात्री त्यो वाचून दावतोय, आमी समदी ऐकतोय. फुडं काय झालं त्ये कळंस्तोवर झोप याची न्हाई."

मी निरुत्तर झालो. जप्त केलेल्या पुस्तकाचे एक पानही मी वाचले नव्हते. न वाचता दिलेला निकाल हा निकालच नव्हे. त्या रात्री ते पुस्तक मी वाचून काढले, आणि पुढे त्या जातीची आणखी कितीतरी.

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या; गुरुनाथ नाईकांची संख्या बाराशेच्या घरात जाते. शेजारच्या कन्नडमध्ये एन. नरसिंहय्यांनी पाचशेहून अधिक 'पत्तेदारी' कादंबऱ्या लिहिल्या. एवढ्या राशीत सारेच धान्य कसदार असणार नाही, हे उघड आहे. परंतु राशीकडे बोट दाखवून प्रत्येक दाणा पोचट ठरविणे हेही परीक्षण नव्हे. शिवाय तांबड्या रश्श्याची परीक्षा श्रीखंडाच्या चवीने करू नये. रहस्यकथेची तुलना 'ययाती'शी नव्हे, दुसऱ्या रहस्यकथेशीच व्हावी.

मग माप कोणते? पहिले, प्रामाणिकपणाचे. गुन्हेगार आरंभापासून कथेत वावरत असावा आणि त्याच्याकडे नेणारे धागे वाचकाच्या डोळ्यांसमोर असावेत. अखेरच्या प्रकरणात परगावचा अनोळखी इसम पकडून आणणे म्हणजे वाचकाची शुद्ध फसवणूक होय. दुसरे माप भाषेचे. 'भयाण', 'काळाकुट्ट' अशा विशेषणांच्या ढिगाऱ्याने भीती उपजत नाही; ओळखीच्या घरातले नेहमीचे दार अवेळी उघडे दिसले की उपजते. धारपांना हे मर्म उमगले होते. तिसरे माप पुनर्वाचनाचे. रहस्य उलगडल्यावरही माणसांसाठी पुस्तक पुन्हा हाती घ्यावेसे वाटले, तर ते खरे. रहस्यकथा लिहिणाऱ्या सुहास शिरवळकरांच्याच लेखणीतून 'दुनियादारी' उतरली, हे विसरता येत नाही. मधले कुंपण आपण समजतो तेवढे उंच नाही.

सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. आपली मुले मराठीबरोबर कन्नड आणि इंग्रजीही शिकतात. परीक्षेसाठी ती सर्व भाषा वाचतील. पण कोणी न सांगता, आपल्या सुखासाठी जी वाचतील तीच त्यांची राहील. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. अशा संस्था नुसत्या अभिमानावर जगत नाहीत, पुस्तक बदलायला येणाऱ्या पावलांवर जगतात.

मी ते पुस्तक परत केले, सोबत दुसरे एक दिले आणि विचारले, "कोणते चांगले ते सांगशील?" आठवड्याने तो म्हणाला, "पहिलंच, गुरुजी. दुसऱ्यात लेखकानं शेवटी लबाडी केली."

एम. ए.च्या अभ्यासक्रमाने मला जे शिकविले नाही, ते त्याने एका वाक्यात सांगितले. आता शाळेच्या कपाटात रहस्यकथांचा एक कप्पा आहे. नियम एकच : पुस्तक परत करताना, लेखकाने लबाडी केली की नाही आणि कोठे केली, ते सांगायचे. घरोघरीच्या वडीलधाऱ्यांनी हा नियम करून पाहावा. मात्र पुस्तक आधी स्वतः वाचावे.